डोळे उघडे ठेवून

दूध उतू जायचा वास आला म्हणून तिनं डोळे उघडले, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला. एरवी नवरा सकाळची प्रार्थना म्हणत असताना घराला आग लागली असती तरी तिनं डोळे उघडले नसते. माहेरची शिस्तच तशी होती. बाबा म्हणायचे, नाकावर माशी बसली तर बसू दे, तिलाही देवानंच केलंय, आमेन होईपर्यंत पापणी हलवायची नाही. पण माहेरी दूध तापवायचं काम आईचं होतं आणि इथं तिचं स्वतःचं. संसाराला वर्षही न झालेल्या बाईचं अर्धं मन प्रार्थनेत आणि अर्धं शेगडीवर असतं, त्याला ती तरी काय करणार? तर तिनं डोळे उघडले, आणि समोर नवऱ्याचे डोळे टक्क उघडे. ओठ प्रार्थना म्हणतायत, हात नीट जोडलेले, आणि नजर थेट तिच्या तोंडावर. तो दचकला असता, निदान नजर चोरली असती, तर तिला बरं वाटलं असतं. तो डोळ्यांतल्या डोळ्यांत हसला, एकाही शब्दावर न अडखळता पुढचं वाक्य म्हणाला, आणि आमेन म्हणून मोकळा झाला. दूध तोवर शेगडीभर झालं होतं.

सरळ विचारायचं होतं मग. नाही विचारलं. एक तर त्याला कुठल्याशा इमारतीतून फोन आला, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलीय आणि आत एक जाडजूड वकील घाम पुसत उभा आहे म्हणून. तो हत्यारांची पिशवी खांद्याला लावून जिना उतरून गेलासुद्धा. दुसरं म्हणजे, तुझे डोळे उघडे होते असं म्हणायचं तर माझेही होते हे आधी कबूल करावं लागतं. आणि तिसरं, खरं कारण असं, की आज संध्याकाळी सासूबाई पहिल्यांदा या घरी जेवायला यायच्या होत्या, आणि अशा दिवशी सकाळी सकाळी नवऱ्याचा देवावरचा विश्वास तपासायला बसणं म्हणजे पाहुणे दारात असताना गादीतला कापूस उपसण्यासारखं. तिनं शेगडी पुसली. पुसलेली शेगडी पुन्हा पुसली. छातीत काहीतरी खळबळत होतं, आणि गंमत म्हणजे ते नुसतं रागाचं नव्हतं.

रागाचं असायला हरकत नव्हती, कारण तिनं नवरा निवडला होता तोच मुळी प्रार्थनेवरून. मावशीनं नाक मुरडलं होतं, लिफ्ट दुरुस्त करणारा, म्हणजे आयुष्यभर वर-खाली. पण चर्चमध्ये एका रविवारी पाळकांनी मंडळीतल्या कुणीतरी प्रार्थना करावी म्हटलं, आणि मागच्या बाकावरून हा उठला. चोरून पाहिलेलं नव्हे हं, प्रार्थना सुरू व्हायच्या आधी मान वळवून रीतसर पाहिलेलं: मोठाले कान, नखांत वंगण, पापण्या घट्ट मिटलेल्या. आवाज असा की शब्द एकेक करून जमिनीवर नीट ठेवतोय. हा माणूस कुणाशी तरी खरंच बोलतोय, असं तिला वाटलं होतं, आणि घरी जाऊन ती मावशीला म्हणाली होती, वर-खाली तर वर-खाली. आता तोच माणूस घरात टेबलावर डोळे उघडे ठेवून देवाशी बोलतो, म्हणजे कुठलं खरं? चर्चमधलं की घरातलं? आणि कधीपासून? रोज? म्हणजे इतके महिने रोज सकाळी ती भक्तिभावानं डोळे मिटून बसायची, केस विस्कटलेले, गालावर उशीची वळी, आणि हा आरामात बघत बसायचा. शरमेनं तिचे कान तापले. शरमेच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं, ते इतकं गोड होतं की ती एकटी असूनही इकडेतिकडे बघायला लागली. हा रोज मला बघतो. लग्नाआधी कुणी असं सांगितलं असतं तर तिनं त्याला मूर्खात काढलं असतं, की बाई, तुला देवाची काळजी पडलीय आणि पोटात फुलपाखरं नाचतायत. पण नाचत होती खरी.

टेबल पुसताना तिला त्याची ती खोड आठवली. टेबल जुनं, दणकट, बाजारातून घेतलेलं. दोघांनी ते जिन्यानं वर चढवलं होतं, कारण शहरातल्या निम्म्या लिफ्ट ज्याच्या जिवावर चालतात त्याच्या स्वतःच्या इमारतीत लिफ्ट नाही. या टेबलावर पहिलं जेवण झालं तेव्हा आमेन म्हणताना त्यानं तळहात असा आपटला की चमचे उडाले. तिला हसू आलं, मग रोज येईना. महिन्याभरानं ती म्हणाली, "अरे, देवाला ऐकू येतं. भांडी कशाला वाजवतोस?" तो "सवय आहे," एवढंच म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून थाप बंद. बंद कसली, तो ती टेबलाखाली स्वतःच्या मांडीवर मारतो हे तिला कपड्यावरच्या हलक्या आवाजानं कळायचं. आपण चांगली शिस्त लावली, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

सासूबाईंना लहानपणापासून ऐकू येत नाही. मोठ्या मुलीकडे राहतात, शिवण शिवतात, आणि मुलांशी हातांनी बोलतात. बहिऱ्यांच्या शाळेत शिकवतात तसली ही भाषा नव्हे, यांच्या घरात, यांच्याच स्वयंपाकघरात तयार झालेली. त्या भाषेत प्रत्येकाला नाव आहे. नवऱ्याचं नाव म्हणजे कानाची पाळी धरून ओढायची. कारण उघड आहे. नणंदेचं नाव हवेत वेणी घालायची. वारलेल्या सासऱ्यांचं नाव मिशीला पीळ. कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही नाव आहे, तराजूच्या पारड्याखाली हळूच बोट लावल्यासारखं, आणि ते बघून अख्खं घर हसतं. एकटी ती बिननावाची. तिच्याबद्दल बोलायचं झालं की सासूबाई तळहात पूर्ण उघडून, मान किंचित झुकवून तिच्याकडे दाखवत. पाहुण्याला बसा म्हणताना करतात तसं. फार अदबीनं. नवऱ्याला तिनं एकदा विचारलंही होतं, माझं नाव कधी? तो म्हणाला, "ते मागून मिळत नाही. आईला सुचावं लागतं." त्याचा आवाज मऊ होता, पण तिला ते लागलं. काय करायचं राहिलं होतं तिचं? वाकून नमस्कार केला, हातरुमाल भरून दिले, भेटायला गेली की भांडी घासली. तरी तळहात उघडाच.

आणि त्याचं मूळ कुठं आहे हेही तिला आतून ठाऊक होतं, फक्त अर्थ लागत नव्हता. लग्न ठरलं त्या दिवशी पाळकांच्या घरी सगळे जेवायला बसले होते. सासूबाई तिच्या शेजारी. प्रार्थना सुरू झाली आणि मध्येच तिच्या कोपराला कुणाचं तरी बोट लागलं. हलकं, मग पुन्हा. सासूबाईच असणार. तिनं काय करावं? बाबा समोर बसलेले. तिनं डोळे आणखी घट्ट मिटले, इतके की आत लाल ठिपके दिसायला लागले. ते बोट थांबलं. डोळे उघडले तेव्हा सासूबाई आपल्या ताटाकडे बघत होत्या, आणि मग त्यांनी तिला भाजीचं भांडं पुढं केलं, तळहात उघडा, मान झुकलेली. पुढं कितीतरी रात्री तिला वाटत राहिलं होतं की आपण परीक्षेत पास झालो की नापास, ते कुणी सांगेल का.

तिचं कामाचं ठिकाण म्हणजे मोठी लाँड्री, शहरातल्या इस्पितळांच्या चादरी तिथं येतात. आत शिरलं की वाफ आणि धडधड. धुलाईची मशिनं एकीकडे, इस्त्रीचे लांब रूळ दुसरीकडे, आणि मधे घडी घालणाऱ्या बायका. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. तिची जोडीदारीण टकळी. टकळी हे तिचं नाव नव्हे, पण दुसऱ्या नावानं तिला कुणी हाक मारत नाही, कारण त्या धडधडीतसुद्धा तिचं तोंड मिनिटभर बंद नसतं. ओठ मोठे मोठे हलवायचे आणि समोरचीनं बघायचं, अशी तिथली रीत. चादरीची दोन टोकं तिच्याकडे, दोन टकळीकडे. झटका द्यायचा, घडी, पुढं यायचं, टोकं टोकांना मिळवायची, मागं जायचं. आज ती पुढं येत होती, मागं जात होती, पण बघत मात्र नव्हती. डोळ्यांसमोर नवऱ्याचे डोळे. टकळी आपल्या नवऱ्याच्या घोरण्याची हकिगत ओठांनी सांगत होती, सासू कशी शेजारच्या खोलीतून भिंत ठोकते, मग हा कसा उठून विचारतो कोण आलंय, आणि ऐन हसायच्या ठिकाणी समोरून हसू नाही. टकळीनं चादर सोडली आणि घडीच्या फळीवर दाणकन थाप मारली. फळीतून ती थाप हिच्या हाताच्या हाडांपर्यंत आली. तिनं वर पाहिलं.

टकळी जवळ येऊन कानाशी ओरडली, "अगं, मी काय भिंतीशी बोलतेय? तू डोळे फिरवलेस की माझं तोंड बंद होतं, कळतं का तुला?"

कळलं. असं कळलं की हातातली चादर हातातच राहिली. ज्या बाईला कानांनी काही कळत नाही, तिच्या घरात प्रार्थनेच्या वेळी डोळे कोण मिटेल? मिटले तर तिला प्रार्थना पोचायची कशी? तिथं ओठ बघायचे, हात बघायचे, आणि आमेन झालं हे टेबलाच्या लाकडातून हाताला कळायचं. म्हणून ती थाप. देवाला ऐकू येतं, असं ती म्हणाली होती त्याला. अरे देवा. आणि ते कोपराला लागलेलं बोट. नव्या सुनेला प्रार्थनेत घ्यायला आलेलं बोट, इकडे बघ म्हणणारं, आपण मिळून देवाचे आभार मानू म्हणणारं. आणि सुनेनं काय केलं, तर डोळे घट्ट मिटून घेतले. त्या घरात डोळे मिटणं म्हणजे तोंडावर दार लावणं. दार लावलेल्या माणसाला कुणी नाव ठेवतं का? पाहुण्यासारखंच वागवतं, अदबीनं. तिला रडू यायला हवं होतं, पण आलं ते हसू. वाफेत उभी राहून ती एकटीच हसत सुटली, आणि टकळीला वाटलं घोरण्याची गोष्ट उशिरा पोचली.

पाळी संपल्यावर ती घरी गेली ती चालत नव्हे, जवळजवळ पळत. आज घरची बाई म्हणून प्रार्थना तिनंच म्हणायची होती. पाहुणं जेवायला आलं की ज्याचं घर त्याच्या बाईनं म्हणायची, ही सासरची पद्धत नवऱ्यानं कालच सांगितली होती, आणि तिनं पाठ असलेली माहेरची प्रार्थना म्हणायचं ठरवून टाकलं होतं. आता ती फुकट. आता हातांनी म्हणायची. बटाटे चिरता चिरता तिनं त्यांचे हात आठवायला सुरुवात केली. पाणी, अंगठा ओठांकडे. पाव, एका हातानं दुसऱ्यावर सुरी फिरवल्यासारखं. घर, बोटांची टोकं जोडून छप्पर. देव कसा? देव म्हणायला त्या छातीवर हात ठेवून वर नेतात, हे तिनं नवऱ्याच्या आजारपणात पाहिलं होतं. आणि आभार? आभार तिला आठवेना. मग तिनं स्वतःच ठरवलं, दोन्ही हात भरून काहीतरी घेतल्यासारखं छातीशी आणायचं. देवाला कळेल, आणि सासूबाई शहाण्या आहेत. खिडकीच्या काचेत बघत ती पुन्हा पुन्हा करत होती, देव, घर, पाव, पाणी, कान ओढ, छातीशी. समोरच्या खिडकीतल्या म्हाताऱ्यानं चष्मा वर करून पाहिलं आणि उत्तरादाखल हात हलवला. तिनंही हलवला. बाबा बघतील तर काय म्हणतील, असं मनात आलं, पण थांबावंसं वाटलं नाही. लहानपणापासून ती मिटलेल्या डोळ्यांच्या अंधारात देवाला शोधत आली होती, आणि तो तिथं असायचाही, नाही असं नाही. पण या टेबलावर, या वाफाळत्या सूपच्या पातेल्यापाशीही तो असेल आणि आपण इतके महिने त्याच्याकडे न बघता बसलो असू, या विचारानं तिला अंगभर शिरशिरी आली. बटाट्यात मीठ घातलं की नाही, हे तिला नंतर आठवेना.

नवरा सासूबाईंना घेऊन आला. सासूबाई जिना चढून दमल्या होत्या. दारात टेकून त्यांनी मुलाचा कान ओढल्याची खूण केली, मग लिफ्ट वर-खाली, मग कपाळावर हात. तो हसला. "म्हणतेय, लिफ्टवाल्याची आई जिन्यानं मरणार." सासूबाईंनी घर पाहिलं, पडद्यांची शिवण उलटून पाहिली, आणि मग तिच्याकडे वळून तळहात उघडला, मान झुकवली. पण वेळ आली होती, आता दम धरायचा. स्वयंपाकघरात ती पातेलं उचलत असताना नवरा मागून आला.

"सकाळी तुझे डोळे उघडे होते," ती म्हणाली.

"तुझेही होते." त्यानं पावाचा तुकडा मोडून तोंडात टाकला. "मला मिटून येतच नाही गं. चर्चमध्ये मिटतो, लोक काय म्हणतील म्हणून. तेव्हा नुसतं पाठ केलेलं म्हणतो. आईच्या तोंडाकडे बघून शिकलोय मी. आता तुझ्याकडे बघून म्हणतो. तुझ्याकडे बघितलं की काय मागायचं ते सुचतं."

इतकी साधी गोष्ट, आणि दिवसभर हिच्या जिवाला घोर. "आधी सांगता येत नव्हतं?"

"तू इतकी छान मिटायचीस. वाटलं, तिथं तुझं काहीतरी चाललंय, मोडू नये."

"आईंना काय सांगितलंस माझ्याबद्दल?"

"काय सांगणार? तुमच्याकडची रीत आहे म्हटलं. हात लागला तरी उघडत नाहीत." तो पातेलं घेऊन बाहेर गेला.

तिघं बसली. मधे पाव, अजून कोमट. बटाटे, सूप, पाण्याचे पेले. तिनं हात पदरानं पुसले, मान वर केली, पूर्ण उघड्या डोळ्यांनी, छातीवर हात ठेवला, वर नेला, आणि सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. घट्ट, सुरकुत्यांसकट, शाळेतल्या शहाण्या मुलीसारखे. हात जोडलेले. सुनेच्या घरी सुनेची रीत पाळत होत्या त्या, मनापासून, आणि त्या रीतीपायी त्यांच्यापर्यंत यातलं काहीही पोचणार नव्हतं. दिवसभराची तालीम तिच्या हातांत तशीच लोंबकळली. नवऱ्यानं हे पाहिलं, तो आईच्या खांद्याकडे हात नेऊ लागला. तिनं मानेनं नको म्हटलं. तिनं स्वतः बोट पुढं केलं आणि सासूबाईंच्या कोपराला लावलं. हलकं, मग पुन्हा. सासूबाईंनी डोळे आणखी घट्ट मिटले. शिकवलं तसंच करत होत्या बिचाऱ्या.

तेव्हा तिनं त्यांचे जोडलेले हात सोडवले आणि त्यातला उजवा आपल्या हातात घेतला. सुयांनी खडबडीत झालेली, हलकी बोटं. तो हात तिनं पावावर ठेवला, त्याची ऊब लागेपर्यंत धरून ठेवला. मग पाण्याच्या पेल्यावर. टेबलाच्या लाकडावर, सपाट, कारण हे घर. मग वळून नवऱ्याच्या कानावर. तो वाकला, आणि सासूबाईंच्या बोटांनी कान ओळखून पाळी आपोआप पकडली. ती काही बोलत नव्हती, ओठही हलवत नव्हती, आणि तरी आयुष्यात पहिल्यांदा तिला एकेक शब्द जड लागत होता. शेवटी आभार. आभाराची खूण माहीत नव्हतीच. तिनं तो हात आपल्या गालावर ठेवला. गाल ओला होता, ते तिला त्या हातामुळे कळलं. सासूबाईंचे डोळे अजून मिटलेलेच. मग तिनं दुसरा हात उचलला आणि टेबलावर अशी थाप मारली की चमचे उडाले.

सासूबाईंनी डोळे उघडले. तिच्याकडे बघता बघता त्या हसू लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत. त्यांनीही थाप मारली. नवऱ्यानं मारली, महिनोन्‌महिने मांडीवर दाबून ठेवलेली सगळी एकदम. सूप सांडलं. कुणी पुसायला उठलं नाही.

जेवायला सुरुवात झाली. पहिला घास घेऊन सासूबाई थांबल्या, मुलाकडे वळल्या आणि हातांनी काहीतरी बोलल्या. आधी त्यांनी आपली एक पापणी मिटून त्या पापणीला बोटानं हलकेच स्पर्श केला, आणि बोट काढताच डोळा मोठ्ठा उघडला. मग बटाट्यांकडे बोट, मग चिमूट, मग नाही.

"आई म्हणतेय," नवरा म्हणाला, आणि थांबला. उघड्या तळहाताच्या जागी आलेली पापणीची ती खूण त्यानं आजवर कधी पाहिली नव्हती. मग तो बायकोकडे वळला.

"म्हणतेय, हिला सांग, बटाट्यांत मीठ नाही."